डोक्यावरची रेघ : एका हौशी गायकवृंदाच्या तालमी

होस्टेलच्या गणपतीत मंत्रपुष्पांजली कधी नीट ऐकली आहे का? म्हणजे म्हणता म्हणता नाही, बाजूला उभं राहून? एकदा ऐकाच. सुरुवातीला दीडशे पोरं छाती फुगवून एकदम. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला पन्नास. मधे तर अशी जागा येते की मेसचे काका आणि थर्ड इयरचा एखादा कुलकर्णी-जोशी, एवढेच दोघे शब्द म्हणत असतात आणि बाकी सगळे नुसती गुणगुण. शेवट जवळ आला की पुन्हा दीडशेच्या दीडशे, अगदी विजयी मुद्रेने. आरतीत 'संकटी'च्या जागी दणक्यात 'संकष्टी' म्हणणारे तर प्रत्येक मजल्यावर सापडतात.

मी त्या मधल्या गुणगुणीतला. चार वर्षांत माझं एक तंत्र पक्कं झालं होतं. शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, अर्धा सेकंद उशिरा तोच आकार करायचा, आणि आवाज एवढाच काढायचा की आपण म्हणतोय असं आपल्यालाही वाटावं. व्हायव्हात वापरतो तेच हे तंत्र. ते परदेशात जाऊन कसं अंगाशी आलं, आणि त्या निमित्ताने अनोळखी भाषेतलं अवघड गाणं हौशी माणसं बसवतात तरी कसं, हे सांगण्यासाठी हा लेख. संपादक मंडळाने 'काहीतरी अभ्यासपूर्ण' मागितलं होतं. गेट परीक्षेवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे.

२०१६ मध्ये मी जर्मनीत एम.एस.ला गेलो. पहिले सहा महिने लॅब, खोली, लॅब. मग एका सूचनाफलकावर विद्यापीठाच्या कॉयरची जाहिरात दिसली : पुरुष आवाज हवे आहेत, आवाजाची परीक्षा नाही. परीक्षा नाही म्हटल्यावर मी गेलो. दर मंगळवारी संध्याकाळी साडेसात ते पावणेदहा. बावन्न माणसं. त्यात विद्यार्थी निम्मेच. बाकी एक दंतवैद्य, दोन नर्स, बेकरीत पहाटे तीनला कामाला जाणारी एक मुलगी (ही साडेनऊनंतर पेंगायची), आणि माझ्या शेजारी पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा. पैसे कुणाला मिळत नाहीत, उलट वर्गणी भरायची. सगळे एकमेकांना एकेरीत हाक मारतात. आजोबांना 'अरे' म्हणायला मला दोन महिने लागले. आमच्या कंडक्टर एक बाई होत्या. कंडक्टर म्हटल्यावर मला सारखी एस.टी. आठवायची, आणि खरं सांगायचं तर फार फरकही नव्हता : कोण कुठे चढलं, कोण बिनतिकिटाचं उभं आहे, हे बाईंना न बघता कळायचं.

त्या वर्षीचा कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा हॉलमध्ये जरा शांतता पसरली. एक छोटी रचना अर्व्हो पार्ट यांची, चर्च स्लाव्होनिक भाषेतली, १९९० सालची. ती जेमतेम मिनिटभराची आणि झपाट्याची, त्यामुळे लवकर बसली. तिच्याबद्दल एवढंच. मुख्य रचना मात्र वेल्यो टॉर्मिस यांची. हे एस्टोनियाचे संगीतकार. जन्म १९३०, शिक्षण मॉस्कोत, आणि आयुष्यभर लिहिलं ते बहुतेक सगळं कॉयरसाठीच, पाचएकशे गाणी. एस्टोनिया म्हणजे तेरा लाखांचा देश, पण १८६९ पासून तिथे मोठे गीतमहोत्सव भरतात आणि हजारो हौशी गायक एका मंचावर उभे राहतात. १९८७ नंतरच्या सोव्हिएतविरोधी चळवळीला 'गाणारी क्रांती' हे नाव पडलं ते उगाच नाही. मेकॅनिकल आणि मेटलर्जीवाल्यांसाठी एक जाता जाता : टॉर्मिस यांची १९७२ सालची 'लोखंडाला शाप' अशा अर्थाच्या नावाची रचना जरूर शोधून ऐका. कॉयर आणि एक ढोल. लोखंड कुठून आलं आणि त्याने माणसाचं काय केलं, असा तिचा विषय. वर्कशॉपकडे बघायची नजर बदलते.

आम्ही गाणार होतो ते याहून वेगळं. १९७० ते १९८९ या काळात टॉर्मिस यांनी 'विस्मृतीतले लोक' या नावाने सहा गीतमाला रचल्या. बाल्टिक समुद्राच्या आसपास एस्टोनियन भाषेच्या चुलत-मावस बहिणी म्हणाव्यात अशा लहान लहान भाषा-बोली आहेत : लिव्होनियन, व्होटिक, इझोरियन, इंग्रियन फिनिश, वेप्सियन, कॅरेलियन. त्या लोकांची गाणी घेऊन, चाल फारशी न बदलता, त्यांच्याभोवती कॉयरचे आवाज उभे केलेले. आमच्या वाट्याला आली पहिली माला, 'लिव्होनियनांचा वारसा'. पाच गाणी. पहिलं पाखरांना जागं करण्याचं. वसंतात, ईस्टरच्या सुमाराला पहाटे बाहेर जाऊन गाणं म्हणून पाखरांना उठवायची त्या लोकांची जुनी रीत होती. शेवटच्या गाण्याचं नाव 'बाप गायला, मुलगा गायला' अशा अर्थाचं.

आता लिव्होनियन म्हणजे कोण? लॅटव्हियाच्या उत्तर किनाऱ्यावर बाराएक कोळीवाडे, तिथली ही माणसं. स्वतःला ती 'किनाऱ्यावरचे' म्हणवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तो किनारा सोव्हिएत सरहद्दीचा पट्टा झाला, समुद्रात जाण्यावर बंधनं आली, आणि मासेमारी गेली तशी गावं रिकामी झाली. माणसं शहरांत पांगली, मुलं लॅटव्हियन बोलायला लागली. मातृभाषा म्हणून लिव्होनियन शिकलेली शेवटची व्यक्ती असं जिला मानतात ती बाई, ग्रिझेल्डा क्रिस्टिन्या, २०१३ साली कॅनडात वारली. वय १०३. आम्ही गाणं उघडलं ते २०१६ च्या ऑक्टोबरात. म्हणजे आमच्या पुढ्यातल्या शब्दांचा उच्चार घरी आईकडून शिकलेलं माणूस तीन वर्षांपूर्वी गेलेलं होतं. जर्मन चुकलं तर शेजारी दुरुस्त करतो, लॅटिन चुकलं तर पाद्री. इथे विचारणार कुणाला?

मला मात्र मनातून गुदगुल्या होत होत्या. भाषेचं आपल्याला काय अवघड! आपण मराठी, हिंदी, इंग्रजी, थोडं संस्कृत. आपल्याकडे देवनागरी, जसं लिहू तसं वाचू. माझी अडचण सुरांची होती. तीही मी मंत्रपुष्पांजली-पद्धतीने झाकत होतोच.

आणि पहिल्या काही तालमींत माझा भाव खरंच वधारला. या भाषांत प, त, क हे कोरडे, बिनहवेचे असतात, आपल्यासारखेच. जर्मन माणूस मात्र नकळत 'प'चा 'फ' करतो आणि 'त'चा 'थ', आणि त्याला ते ऐकूच येत नाही, कारण त्याच्या भाषेत त्याने अर्थ बदलत नाही. आपल्याकडे पळ आणि फळ यात केवढं अंतर! मी तोंडासमोर कागदाची पट्टी धरून दाखवली : 'फ' म्हटलं की पट्टी हलते, 'प' म्हटलं की नाही. पुढचे पंधरा दिवस बावन्न माणसं बसमध्ये, लिफ्टमध्ये पट्टी धरून पुटपुटत होती. त्यांच्या आणखी दोन खोडी बाईंनीच मोडल्या. एक, शब्दाच्या शेवटचा 'द' ते 'त' करतात. दुसरी, स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी घशात एक बारीक झटका देतात. त्या झटक्याने लांबलचक सूर सुरी फिरवल्यासारखा कापला जातो. शिवाय एक स्वर असा आहे की जर्मनांना तो काही केल्या 'ओ' आणि 'ए'च्या मधे कुठेतरी, ओठांचा चंबू करूनच काढावासा वाटायचा. तो आपल्या साध्या 'अ'च्या बराच जवळ जातो. बाई म्हणाल्या, याचं ऐका. झालं, मी एकदम भाषातज्ज्ञ.

इथे थोडं तांत्रिक सांगतो. इंजिनीअरला हे आवडेल. गाण्यात स्वर (म्हणजे अ-आ-इ-ई हे स्वर) इतका नेमका का लागतो? केवळ शुद्ध उच्चारासाठी नव्हे. आपण एक सूर लावतो तेव्हा त्यात मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे वरचे सूर असतात. तोंडाची पोकळी त्यातले काही उचलून धरते, काही दाबते. 'ऊ' म्हणताना वरचे बहुतेक दबतात. 'ई' म्हणताना दोन-अडीच हजार हर्ट्झच्या आसपासचे उसळून येतात. म्हणजे तेरा माणसांनी तोच सूर लावला, पण सहांचा 'ई' खरा आणि सातांचा जरा 'ऊ'कडे झुकलेला, तर मूळ सूर एक असूनही कानाला बेसूर वाटतं. बाई म्हणायच्या की सूर जुळत नाही अशी तक्रार आली की निम्म्या वेळा सूर नाही, स्वर जुळत नसतो. मला वाटायचं ही बाईंची हौस आहे. एकदा फोनवर रेकॉर्ड करून लॅबमध्ये स्पेक्ट्रम काढला, आणि गप्प बसलो.

सूर मिळवायचं गणितही तसंच. साथीला पेटी-पियानो काही नाही. खालचा बास २२० हर्ट्झ धरून उभा आहे आणि टेनरला त्याचा गांधार लावायचा आहे. पियानोवरचा गांधार २७७.१८ हर्ट्झला. पण बासच्या आवाजातला पाचवा सूर ११०० हर्ट्झला आणि टेनरचा चौथा ११०८.७ ला, दोघांत सेकंदाला जवळजवळ नऊ ठोके पडतात आणि आवाज थरथरतो. टेनरने थोडं खाली येऊन २७५ लावला, म्हणजे बरोबर ५:४, की ठोके थांबतात आणि सगळं एकदम स्थिर होतं. तानपुरा चांगला जुळला की न वाजवलेला गांधार आपोआप ऐकू येतो म्हणतात, तो हाच. पियानो ऐकून वाढलेल्या त्या मंडळींना हा गांधार सुरुवातीला 'उतरलेला' वाटायचा. मला तो ओळखीचा वाटायचा. लावता येत नव्हता, ती गोष्ट निराळी.

असो. आता माझ्या उद्योगाकडे.

नोव्हेंबरात बाईंनी विचारलं, गाण्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत, खाली जर्मन अर्थासह, कोण टाइप करून देईल? छापील स्वरलिपीत शब्द मुंगीएवढे होते. कॉम्प्युटरवाला म्हणून मी हात वर केला. बाईंनी मला कुठून तरी मिळवलेली एक जुनी फाइल आणि अंधूक झेरॉक्स दिली. फाइल उघडली तर जागोजागी चौकोन. मित्रहो, ज्यांनी मराठी फॉन्ट नसलेल्या मशीनवर आपला बायोडेटा उघडून पाहिला आहे त्यांना हे चौकोन चांगलेच माहीत असतील. झेरॉक्सशी ताडून पाहिलं. चौकोनांच्या जागी साधीच अक्षरं होती, फक्त डोक्यावर एक आडवी रेघ. काहींच्या पायाशी शेपूट. आमच्या भाषेत सगळ्याच अक्षरांच्या डोक्यावर रेघ असते, तिला कोण विचारतं? सजावट समजून मी रेघ सोडली, अक्षर घेतलं. दोन तासांत काम फत्ते. छान दोन पानी तक्ता, बावन्न प्रती. सगळ्यांनी कौतुक केलं.

ती रेघ म्हणजे दीर्घ स्वराची खूण.

आणि या भाषांत ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे काय चीज आहे हे एस्टोनियनच्या एका उदाहरणाने सांगतो. लिना म्हणजे जवस. त्यातला 'न' लांबवला की लिन्ना, म्हणजे शहराचा. तोच आणखी लांबवला की 'शहरात', म्हणजे शहराकडे जाण्यातलं. लिहिताना दुसरं आणि तिसरं सारखंच दिसतं, फरक फक्त लांबीचा. लिव्होनियनमध्येही स्वराची लांबी अशीच अर्थाला धरून असते. आता गाण्यात प्रत्येक शब्दाखाली सुराची लांबी ठरलेली आहे, मग बिघडतं कुठे? तर तेवढ्याच वेळात स्वर किती आणि व्यंजन किती, हे गाणाऱ्याला ठरवावं लागतं. दीर्घ असेल तर स्वर शेवटपर्यंत उघडा ठेवायचा, ऱ्हस्व असेल तर लवकर मिटून पुढच्या व्यंजनावर बसायचं. बावन्न माणसांनी एकाच क्षणी मिटलं तर ती टिचकी ऐकू येते. नाही मिटलं तर भिजल्या पुठ्ठ्यासारखा आवाज.

यातला विनोद तुमच्या लक्षात आला असेल. आपण मराठी माणसं शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घासाठी मार खातो आणि बोलताना ते पाळत नाही. दिन आणि दीन आपण सारखेच म्हणतो. जळगाव जामोदच्या शाळेत माझे निम्मे मार्क याच्यापायी गेले. 'प'-'फ'साठी माझा कान तयार होता, लांबीसाठी बहिरा होता. आणि नेमकी लांबी पुसायचं काम माझ्याच हातून झालं.

हे मला कळलं जानेवारीत, तेही चांगुलपणातून नाही. आपल्या 'तज्ज्ञ'पणाला साजेसं काहीतरी बोलावं म्हणून मी लिव्होनियन-एस्टोनियन-लॅटव्हियन शब्दकोशात (हा २०१२ साली निघाला, व्हीत्सो आणि एर्नश्ट्राइट्स यांचा) आमचे शब्द शोधायला बसलो. पहिलाच शब्द सापडेना. रेघ असलेलं अक्षर घालून बघितलं, सापडला. दुसरा, तसंच. पहाटे दोनपर्यंत मी दोन्ही पानं मोजली. एकशे बारा ठिकाणी रेघ हवी होती. माणसांनी ते तसंच पाठ केलं होतं, पाच-सहा आठवडे, आंघोळीत म्हणत, सायकलवर म्हणत.

मी काय केलं? काही नाही. १० तारखेच्या तालमीला गप्प बसलो, १७ तारखेच्या तालमीला गप्प बसलो. मनाशी म्हटलं, कार्यक्रम या शहरात, ऐकायला येणार इथलेच लोक. कुणाला कळणार आहे?

२१ जानेवारी २०१७ ला टॉर्मिस गेले. मंगळवारी बाईंनी ते सांगितलं. फार काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की मनात पाच-सहा शंका होत्या, त्या पत्राने विचारायच्या होत्या, आज लिहू उद्या लिहू करत राहिलं. मग म्हणाल्या, पहिलं गाणं घेऊ, उभे राहा. सगळे उभे राहिले. मी पण उभा राहिलो, आणि हात वर केला. माझं जर्मन तोवर कामचलाऊच होतं, पण 'चूक' आणि 'माझी' हे दोन शब्द येत होते.

सांगून झाल्यावर कुणी ओरडलं नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. मागच्या रांगेत कुणीतरी तक्त्याची पानं चाळली. बेकरीवाल्या मुलीने डोळे मिटले. मग माझ्या शेजारचे आजोबा म्हणाले, अगदी साध्या सुरात, की खरं तर कुणाला कळणार आहे? माझ्या मनातलंच वाक्य, जर्मनमध्ये. दोघा-तिघांनी मान डोलावली. आल्टोतल्या दंतवैद्य बाई म्हणाल्या, आता एवढ्यात नवीन शिकणं होणार नाही, त्यापेक्षा ही माला काढून जर्मन लोकगीतं घालू. त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली. तिकडे मत मांडताना हात वर करून वाट बघतात, त्यामुळे भांडणसुद्धा रांगेत होतं.

बाईंनी शेवटी विचारलं, 'किती जागा?'

'एकशे बारा.'

'पेन्सिली काढा,' बाई म्हणाल्या. आणि आजोबांकडे वळून : 'कळेल. मिटण्याच्या जागा आपल्या आत्ताच एकत्र येत नाहीत, मी महिनाभर ऐकतेय आणि मला वाटत होतं तुम्ही पेंगताय. निम्मी चूक माझी. मी तपासायला हवं होतं.'

मग मी शब्दकोश उघडून एकेक जागा सांगत गेलो आणि बावन्न माणसं आपापल्या कागदावर अक्षराच्या डोक्यावर रेघ मारत गेली. तासभर. आवाज फक्त पेन्सिलींचा.

पुढचं शास्त्र मला सगळ्यात उपयोगी वाटतं, म्हणून जरा सविस्तर. नवीन शिकण्यापेक्षा चुकीचं पाठ झालेलं काढणं जास्त अवघड, हे ज्याने दोन बोटांनी टायपिंग शिकून मग दहा बोटांनी करायचा प्रयत्न केला आहे त्याला पटेल. बाईंनी दोन तालमी गाणं बंदच केलं. सूर नाही, चाल नाही. शब्द नुसते बोलायचे, आणि हात टेबलावर : ऱ्हस्वाला टिचकी, दीर्घाला तळवा सरकवायचा. आधी गोगलगायीच्या वेगाने. तोंड विसरलं तरी हात आठवण करतो. ते जमल्यावर शब्द काढून टाकले आणि नुसते स्वर ठेवले, व्यंजनांशिवाय, ठरलेल्या लयीत. बावन्न माणसं 'ई-अ-आ-आ-उ' करताहेत हे दार उघडून कुणी बघितलं असतं तर पोलीस बोलावले असते. मग सूर, पण शब्दांशिवाय, 'नू नू' करत. आणि सगळं वेगवेगळं पक्कं झाल्यावरच एकत्र. एकत्र केलं की आधी सगळं कोसळतं, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. दोन गोष्टी सुट्या येत असल्या तरी डोक्याला एकदम पेलत नाहीत. मग त्यातल्या एकीचा वेग अर्धा करायचा, दुसरीला हात लावायचा नाही. डीबगिंग करतो तसंच. एका वेळी एकच बदल.

व्यंजन ठोक्याच्या आधी उच्चारायचं आणि स्वर ठोक्यावर पडू द्यायचा, लांब सुरात श्वास शेजाऱ्याच्या अगोदर किंवा नंतर घ्यायचा, त्याच्याबरोबर कधीच नाही, अशा बारीक गोष्टी पुष्कळ आहेत. त्या सगळ्याच कॉयरमध्ये असतात. लिव्होनियनची म्हणून एक खास अडचण राहिलीच. काही शब्दांत स्वराच्या पोटात घसा क्षणभर अडतो आणि सुटतो. कोशात त्याची खूणही आहे. गाण्यात तो कसा घ्यायचा यावर आमचं एकमत झालं नाही आणि आम्ही तो बहुतेक ठिकाणी सोडला. पत्रात विचारायच्या शंकांपैकी ती एक होती.

मार्चमध्ये तालमीचं शिबिर झालं आणि तिथे माझं दुसरं भांडं फुटलं. बाईंनी चौघाचौघांना उभं केलं : एक सोप्रानो, एक आल्टो, एक टेनर, एक बास. म्हणजे माझ्या बाजूने मी एकटा. बघायला शेजाऱ्याचं तोंड नाही. चौथ्या गाण्यात, झोपेच्या उंदराचं अंगाईगीत आहे ते, मी आठ मात्रा नुसता ओठ हलवत उभा होतो आणि खालचा सूरच नसल्याने वरचे तिघे ओल्या भिंतीसारखे खचत गेले. बाईंनी थांबवलं. रागावल्या नाहीत, पण 'तू गात नाहीस' असं म्हणाल्या. कधीपासून, ते विचारलं नाही. बहुधा पहिल्या दिवसापासून माहीत असावं. त्या रात्री जेवणानंतर पोस्टातल्या आजोबांनी मला कोपऱ्यात घेतलं. तेही स्वरलिपी वाचायला साठीनंतर शिकले होते. त्यांनी बासची ओळ म्हणायची आणि मी ती परत द्यायची, चार चार मात्रा, चुकलं की परत. अकरापर्यंत. मधेच म्हणाले, 'तुझा आवाज चांगला आहे की, मला आजपर्यंत ऐकूच आला नव्हता.'

जूनमध्ये विटांच्या एका जुन्या चर्चमध्ये कार्यक्रम झाला. तिथे आवाज तीनएक सेकंद घुमत राहतो, त्यामुळे व्यंजनं दुप्पट करकरीत म्हणावी लागली. पहिलं गाणं सुरेख गेलं. सोप्रानोंनी पाखरं खरंच उठवली. चौथ्यात आम्ही सगळे मिळून पाव सूर उतरलो आणि बाईंनी पाचव्याआधी गुपचूप ट्यूनिंग फोर्क कानाला लावून नवा सूर दिला. पाचव्यात दुसऱ्या पानावर एक दीर्घ मी ऱ्हस्व म्हटला. आजोबांचं कोपर ताबडतोब बरगडीत आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बिअर झाली. लिव्होनियन कळणारं त्या रात्री तिथे कुणी असेल असं मला वाटत नाही. एकशे बारापैकी आमच्या किती बरोबर आल्या, हेही सांगता येणार नाही. मी माझ्यापुरत्या मोजल्या होत्या. त्या इथे सांगत नाही.

त्या वर्षी दिवाळीला घरी आलो. जळगाव जामोद हे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, बुलढाणा जिल्ह्यात. आमच्या भागात निहाली नावाची भाषा बोलणारे लोक आहेत, दोन-अडीच हजारांच्या आसपास. जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं लागत नाही असं अभ्यासक सांगतात, आणि युनेस्कोच्या यादीत ती अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्या भाषांत आहे. हे मी जर्मनीत, लिव्होनियनबद्दल शोधताना वाचलं. अठरा वर्षं त्या गावात काढली. आठवडी बाजारात ही माणसं आमच्याशी मराठीत बोलायची, आपसात बोलायला लागली की आम्ही पोरं 'यांची ती भाषा' म्हणून हसायचो. तिला काही नाव आहे हेही माहीत नव्हतं.

बाजारात एक म्हातारे बाबा मोळी टेकवून बसले होते. वडिलांच्या ओळखीचे. शेजारी बसलो, चहा मागवला, आणि विचारलं, 'बाबा, तुमच्या बोलीत पाखराला काय म्हणता?' त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग शब्द सांगितला. मी म्हणून दाखवला. ते हसले, शेजारच्या म्हातारीला काहीतरी म्हणाले, तीही हसली.

'तसं नाय,' बाबा म्हणाले. 'परत म्हण.'

मी खिशातून पेन्सिल काढली.